डोक्याला मार लागलाय: थांबायचं, की दवाखाना गाठायचा?

कोल्हापुरात कुणाचं डोकं फुटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "टाके किती पडले?" तीन पडले म्हणजे किरकोळ, अकरा पडले म्हणजे मोठं. एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली, आणि हा प्रश्न रोज ऐकला. टाक्यांचा आकडा फक्त कातडीची हकीकत सांगतो, आतल्या मेंदूची नाही. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळं इंचभर खोकेतूनही सदरा भिजेल एवढं रक्त येतं. चार माणसं त्याला उचलून आणतात, मागून रडारड चालू असते, आणि तासाभरात तो टाके घालून, पट्टी बांधून चहाची चौकशी करायला लागतो. उलट बाहेरून साधं खरचटलेलंही नाही, स्वतः चालत येऊन बाकावर बसलाय आणि "मला काय झालं न्हाई, आधी त्याला बघा" म्हणतोय, अशा माणसावर आम्ही जास्त नजर ठेवायचो.

कवटी ही सगळीकडून बंद असलेली पेटी. आत मेंदू, थोडं पाणी आणि रक्त. मार लागून आतली एखादी शीर फुटली तर साचणाऱ्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते, ते मेंदूलाच दाबायला लागतं. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूनं एक धमनी जाते. ती फाटली की रक्त कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्या मध्ये साठतं. दाब वाढेपर्यंत माणूस चांगला बोलतो, चालतो, भाकरी मागतो. हा 'बरं वाटण्याचा' वेळ काही मिनिटांचा असतो, कधी काही तासांचा. जुन्या क्रिकेटवेड्यांना भारताचा फलंदाज रमण लांबा आठवेल. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा असताना फटकावलेला चेंडू त्याच्या डोक्याला लागला. तो उठला, चालत ड्रेसिंग रूमकडं गेला. त्यानंतर शुद्ध हरपली आणि २३ तारखेला तो वारला.

म्हणून या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जखम मोजू नका, माणूस बदलतोय का ते बघा. आणि बदल ओळखायचा तर घड्याळ लागतं.

पहिली दहा मिनिटं

माणूस पडल्या पडल्या वेळ बघा. मोबाईलवर स्वतःलाच मेसेज टाकला तरी चालतो: "५.४० ला जिन्यावरून पडले." पुढं डॉक्टर हेच विचारतात आणि तेव्हा घरातले चौघे चार वेळा सांगतात.

लगेच उठवून बसवायची घाई करू नका. आपल्याकडं पडलेल्याला काखेत हात घालून उभं करायची फार हौस. डोक्याला जोराचा मार लागलाय म्हणजे मानेलाही लागलेला असू शकतो. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत किंवा माणूस शुद्धीवर नाही, तर जिथं आहे तिथंच राहू द्या. एकानं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं. वाहतुकीच्या मध्ये पडला असेल किंवा आग असेल तर हलवावंच लागतं. तेव्हा डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून सरकवायचं.

शुद्ध नाही पण श्वास चालू आहे आणि उलटी होतेय, तर डोकं धरून सगळं अंग एकदम एका कुशीवर वळवा. उताणा ठेवला तर उलटी श्वासनलिकेत जाते. मार सोसलेला माणूस त्या उलटीनं दगावू शकतो. श्वासच नसेल तर १०८ वर कळवा आणि छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

रक्त येत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा टॉवेल घडी करून घट्ट दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटं, न उचलता. दर अर्ध्या मिनिटाला उचलून "थांबलं का?" बघत राहिलात तर ते थांबणार नाही. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. फक्त बोटाखाली हाड खचल्यासारखं लागत असेल, किंवा काही घुसलेलं असेल, तर तिथं दाबू नका आणि घुसलेलं उपसूही नका. भोवतीनं कापडाची चुंबळ ठेवून हलकं झाका.

आणि कृपा करून हळद, चुना, कॉफी, चहाची पूड जखमेत भरू नका. मी किती डोकी धुतली असतील, त्याची गणती नाही. चुना भरलेली खोक स्वच्छ करायला टाके घालण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा, आणि त्या माणसाला दुप्पट सोसावं लागायचं. कुणाला आकडी आली तर नाकाला कांदा, चप्पल लावू नका, दातात चमचा घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला सारा, कुशीवर वळवा, आकडी किती मिनिटं चालली ते बघा. पाणी, चहा, सरबत, काहीच पाजू नका. उलटीचा धोका तर आहेच, शिवाय कदाचित तासाभरात भूल द्यावी लागेल.

हेल्मेट घातलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास व्यवस्थित चालू असेल तर काच वर करा आणि राहू द्या. श्वास अडतोय किंवा उलटी होतेय तरच काढायचं, तेही दोघांनी: एक जण खालून जबडा आणि मान धरतो, दुसरा पट्टा सोडून, दोन्ही बाजू फाकवून हळूहळू सरकवतो.

ताबडतोब निघायचं कधी

खालच्यातलं एक जरी दिसलं तर "जरा वेळ बघू" नाही. १०८ ला फोन किंवा थेट मोठा दवाखाना:

- शुद्ध हरपली होती, अगदी काही सेकंद असली तरी
- दोन किंवा जास्त वेळा उलटी
- आकडी
- डोकेदुखी कमी न होता वाढत जाणं
- पेंग येत राहणं, उठवायला जड जाणं
- तेच तेच प्रश्न पुन्हा विचारणं, माणसं न ओळखणं, उगाच चिडणं किंवा अंगावर येणं
- मारापूर्वीच्या अर्ध्या तासाचं किंवा त्याहून मागचं काहीच न आठवणं
- बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, तोल जाणं, दोन-दोन दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित येणं
- दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागं काळंनिळं पडणं, जिथं मार लागलेलाच नाही
- डोक्यात खड्डा पडल्यासारखं लागणं

यातल्या नाका-कानातल्या पाण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोक ते सर्दी समजतात. कवटीच्या तळाला चीर गेली की मेंदूभोवतीचं पाणी नाकातून किंवा कानातून ठिबकतं. खाली वाकल्यावर जास्त येतं, चवीला खारट लागतं. अशा वेळी नाक शिंकरायचं नाही आणि कानात कापूस कोंबायचा नाही. ते वाहू द्यायचं, वरून स्वच्छ फडकं धरायचं आणि निघायचं. डोळ्यांभोवतीचा आणि कानामागचा काळा डाग मात्र लगेच दिसत नाही, उमटायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या आधी आरशात बघा.

हल्ली सगळे मोबाईलचा टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या तपासतात. एक बाहुली मोठी दिसली तर प्रकरण गंभीर आहे यात वाद नाही, पण ती खूप उशिराची खूण आहे. तोवर मेंदू बराच दाबला गेलेला असतो. बाहुल्या सारख्या दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. माणसाशी बोला, टॉर्चपेक्षा त्यातून जास्त कळतं.

काही दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचे लोक

वयाची पासष्टी ओलांडलेले. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे: वॉरफॅरिन, ॲसिट्रॉम, क्लोपिडोग्रेल किंवा हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या त्या जातीच्या नव्या गोळ्या. रोज पिणारे. आधी मेंदूची शस्त्रक्रिया झालेले. गरोदर बाई. चालत असताना वाहनानं उडवलेला, गाडीवरून फेकला गेलेला, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडलेला. पाच पायऱ्या हे काही फार नाही, जुन्या पेठांमधल्या माडीचे जिने आठवा.

गोळ्यांचा मुद्दा घरोघरी हुकतो. आज्जीला विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत?" तर उत्तर येतं, "बीपीची आणि ती बारकी पांढरी." त्या बारक्या पांढऱ्या गोळीवर सगळं अवलंबून असू शकतं. गोळ्यांची अख्खी पिशवीच बरोबर न्या. पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आपल्या मनानं थांबवलेल्या गोळीनंही घात होतो.

पिणाऱ्यांबद्दल स्पष्टच लिहिते. "पिलाय, झोपू दे, सकाळी उतरंल" या वाक्याचा शेवट मी पुष्कळ वेळा सकाळी सहाच्या सुमाराला बघितला. दारूचा वास येतोय म्हणून गुंगी दारूचीच आहे असं ठरवायचा अधिकार कुणालाच नाही, डॉक्टरालासुद्धा तपासल्याशिवाय नाही. पिऊन पडलेला आणि नीट उठत नसलेला माणूस म्हणजे डोक्याला मार लागलेला माणूस, एवढंच धरून चाला.

कशातून आणि कुठं

आपल्याकडची सगळ्यात धोक्याची रुग्णवाहिका म्हणजे मोटरसायकल. एक चालवतो, जखमी मध्ये, मागचा त्याला कवटाळून. मान प्रत्येक गतिरोधकाला डुलते. अशा ट्रिपल सीटनं आलेले कितीतरी जण मी उतरवून घेतले. आणणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण शुद्धीवर नसलेल्या किंवा मान दुखणाऱ्या माणसाला असं आणू नका. १०८ फुकट आहे. ११२ लावला तरी मदत मिळते. पत्ता सांगताना गल्लीचं नाव पुरत नाही. देऊळ, तालीम, पेट्रोल पंप अशी खूण सांगा आणि एकाला चौकात उभं करा. रुग्णवाहिकेला फारच वेळ लागणार असेल तर चारचाकीत मागच्या सीटवर आडवं, एकानं डोकं धरून.

कुठं न्यायचं याला माझं उत्तर: जिथं रात्री-अपरात्री सीटी स्कॅन होतो तिथं. शहरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सरकारी आहे आणि राजर्षी शाहू महाराज वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. खासगी दवाखान्यात निघाला असाल तर वाटेतूनच फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: "सीटी आत्ता होईल का? मेंदूचे सर्जन येतील का?" गगनबावडा, आजरा, राधानगरी भागातून येणाऱ्यांनी हा फोन निघतानाच करावा, कारण एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवण्यात तास जातो. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं; तिथं जिल्ह्याचा अभिमान बाजूला ठेवावा. मात्र श्वास अडत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर वाटेतला पहिला दवाखाना गाठायचा, बाकी पुढं.

डोक्याचा साधा एक्स-रे काढून "नॉर्मल आहे" म्हणून घरी आलेले लोक भेटतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मेंदूतलं रक्त दिसत नाही. वर सांगितलेल्या खुणा असतील तर एक्स-रेवर समाधान मानू नका.

ऊसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला धडकून पडलेला कुणी दिसला तर लोक थांबत नाहीत, कारण "पोलिसांचं लचांड नको." मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोख मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. यादीतल्या दवाखान्यात पोचल्यावर तिच्याबद्दल विचारा.

आत गेल्यावर काय होतं

खरं काय झालं ते सांगा. भांडणात काठी लागलेली असते आणि घरचे "पायरीवरून पडला" सांगतात. काठीचा मार आणि पायरीचा मार वेगळा. काठीनं थोड्या जागी हाड खचतं आणि डॉक्टर तिथं जास्त बारकाईनं शोधतात. अपघात किंवा मारहाण असेल तर दवाखाना पोलिसांना कळवणारच, ती नेहमीची पद्धत आहे. त्यासाठी माणसाचा जीव टांगणीला लावू नका.

सिस्टर आणि डॉक्टर एकमेकांत "जीसीएस किती?" म्हणताना ऐकाल. ही शुद्धीची मोजपट्टी १९७४ मध्ये ग्लासगो शहरातल्या दोन डॉक्टरांनी मांडली. डोळे उघडण्याला ४ पर्यंत गुण, बोलण्याला ५ पर्यंत, हातपाय हलवण्याला ६ पर्यंत. पूर्ण शुद्धीतला माणूस १५, सगळ्यात कमी ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर. नातेवाईकांनी हा आकडा विचारायला हरकत नाही, पण एकटा आकडा फार काही सांगत नाही. "आल्यावर किती होता, आत्ता किती आहे?" असं विचारा. चौदावरून बारावर आला तर ती धावपळीची वेळ असते. चौदावरून पंधरा झाला तर थोडं बसून पाणी प्या.

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो. सगळ्यांनाच लागतो असं नाही. साध्या टेंगळासाठी हट्ट धरू नका, लहान मुलांच्या बाबतीत तर नकोच, कारण त्यात क्ष-किरण असतात. पण डॉक्टरांनी काढा म्हटलं तर "उद्या काढू का?" असा मोलभाव करू नका. सीटी स्वच्छ आला याचा अर्थ रक्तस्राव नाही. मेंदूला हादरा बसलाच नाही, असा मात्र त्याचा अर्थ नाही. हादरा सीटीत दिसत नाही.

खोक मातीत, रस्त्यावर झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करा.

घरी पाठवलं, आता राखण

पहिले २४ तास सगळ्यात महत्त्वाचे, ४८ तासांपर्यंत एकटं सोडू नका. घरात कुणी नसेल तर शेजारच्यांना सांगा. आपल्या गल्ल्यांमध्ये एवढं अजून शिल्लक आहे.

राखणीला शक्यतो एकच माणूस ठेवा. पाच पाहुणे पाळीपाळीनं बघत बसले तर बदल कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण प्रत्येकाला तो "आलो तेव्हापासून असाच" दिसतो. दर दोन तासांनी तेच चार प्रश्न: नाव काय, आज वार कुठला, आपण कुठं आहोत, काय झालं होतं. दोन्ही हात पुढं धरायला सांगा, एक हात खाली घसरतो का बघा. उत्तर वहीत लिहा. वेळ, उत्तर, डोकेदुखी दहापैकी किती, उलटी. शाळेच्या वहीचं एक पान पुरतं आणि रात्री दोनला डॉक्टरांना फोन करायची वेळ आली तर तेच पान वाचून दाखवा.

झोपू द्यायचं का? हा प्रश्न मला भाजी मंडईतसुद्धा विचारतात. पूर्ण शुद्धीत आहे, नीट बोलतोय, त्याची नेहमीची झोपायची वेळ झाली आहे, तर झोपू द्या. झोपेनं मेंदूत रक्तस्राव होत नाही. भीती एवढीच की झोपेत बिघडलं तर कळत नाही. म्हणून सीटी न काढता घरी आला असाल तर पहिल्या रात्री दोन-तीनदा उठवा. नुसतं "हं" केलं म्हणून सोडू नका. डोळे उघडून, दोन शब्द अर्थाचे बोलून, अंथरूण ओढून परत झोपला तर ठीक. "झोपू दे की गं!" म्हणून खेकसला तर मला आनंदच व्हायचा. पण दुपारी चारला, कधीही न झोपणारा माणूस पेंगायला लागला तर ती झोप नाही, उठवून घेऊन निघा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन पहिले काही दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलमधून "डोकेदुखीची एक द्या" म्हणून आणलेल्या गोळीत नेमकं काय आहे ते वाचा. झोपेची गोळी नको, दारू नको. टेंगळाला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. पदराचा बोळा तोंडाच्या वाफेनं शेकून दाबायची आज्जीची रीत प्रेमाची आहे, पण टेंगूळ चोळू आणि दाबू नका.

दोन दिवस मोबाईल, टीव्ही, पाहुणे कमी. गाडी चालवायची नाही, चक्कर आणि सुस्ती पूर्ण जाईपर्यंत. थोडी डोकेदुखी, चिडचिड, आवाज सहन न होणं, लक्ष न लागणं हे आठवडा-दोन आठवडे राहू शकतं आणि हळूहळू ओसरतं. ओसरण्याऐवजी वाढत असेल, किंवा महिना झाला तरी कामावर लक्ष लागत नसेल तर पुन्हा दाखवा.

लहान मूल

वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं तर डॉक्टरांना दाखवाच. दोन वर्षांच्या आतलं मूल तीन फुटांहून उंचावरून पडलं तरी तेच. पलंग, पाळणा, मांडीवरून निसटणं, हे सगळं यात येतं.

पडल्याबरोबर मोठ्यानं रडलं तर ते चांगलं लक्षण. कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयानक, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. डोक्याच्या बाजूला किंवा मागं, बोटाला मऊ पिचपिचीत लागणारी सूज मात्र वाईट. खाली हाड तडकलेलं असू शकतं. रडून रडून मुलं एखादी उलटी काढतात. दुसरी झाली की निघा. टाळू फुगल्यासारखी वाटणं, दूध न ओढणं, सतत किरकिरणं किंवा उलट अगदी गप्प होऊन जाणं, नजर न भिडवणं, या खुणा आईला आधी कळतात. "आमचं बाळ असं नसतं हो" असं आई म्हणाली की चांगले बालरोगतज्ज्ञ तिचं ऐकतात. ऐकलं नाही तर दुसऱ्यांकडं जा.

शाहू स्टेडियम, तालीम आणि "काय न्हाई होत"

पेठेच्या फुटबॉल सामन्यात उंच चेंडूवर दोन डोकी एकमेकांवर आपटतात. पोरगा खाली बसतो, कुणी डोक्यावर पाणी ओततं, आणि तो पुन्हा मैदानात. गॅलरी टाळ्या वाजवते. मला तेव्हा टाळ्या वाजवता येत नाहीत. हादरा बसलेल्या मेंदूला लगेच दुसरा हादरा बसला तर नुकसान कितीतरी जास्त होतं, आणि तरुण मुलांमध्ये ते क्वचित जिवावर बेततं. मार लागल्यावर क्षणभरही गोंधळला, कुठल्या बाजूला गोल करायचा ते विसरला, डोळ्यापुढं अंधारी आली, तर त्या दिवशीचा त्याचा खेळ संपला. 'बरं वाटतंय' हे त्याचं मत इथं मोजायचं नाही. त्याचं मत ज्या मेंदूतून येतंय त्यालाच मार लागलाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवरच्या क्रिकेट कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ बाहेर गेला, तपासणी होऊन परत आला, खेळला, ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं, त्रास सुरू झाला आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू घ्यावा लागला. जगातले चांगले डॉक्टर बाउंड्रीवर असताना हे घडतं, तर आपल्याकडं मंडळाच्या कोचनं हातात बाटली घेऊन काय ठरवायचं?

कुस्तीतही तेच. मातीत असो वा मॅटवर, डोक्यावर आपटलेल्या पैलवानाला वस्तादांनी जोर-बैठकांना लावू नये. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग लढतीविना सराव, आणि शेवटी, डॉक्टरांनी सांगितल्यावर, लढत. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. डोकं दुखलं तर एक पायरी मागं.

तीन आठवड्यांनंतर

हा भाग मी घरात शिकले. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, अठ्ठ्याहत्तरीचे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला न्हाणीत तेल आणि उटणं सांडलेलं, त्यात पाय घसरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. टेंगूळसुद्धा नाही. मी स्वतः बाहुल्या बघितल्या, प्रश्न विचारले, रात्री दोनदा उठवलं. सगळं ठीक. फराळ जोरात झाला.

तिसऱ्या आठवड्यात आबा चपलेवर चिडायला लागले. नवी कोल्हापुरी, डाव्या पायातली सारखी निसटायची. "चांभारानं सैल केलीया," म्हणायचे. दोनदा आवळून आणली. चहा बशीत ओतताना सांडायचा, दुपारी जास्त झोपायचे, रंकाळ्यावर जायला कंटाळायचे. मी, बावीस वर्षं अपघात विभागात घालवलेली बाई, म्हणायची, "वय झालं." शेवटी रोज त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे शेजारचे काका म्हणाले, "वैनी, आबा डावा पाय ओढत्यात." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सैल चप्पल नव्हती, पाय होता.

म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो आणि तो व कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानंही एखादी झिरपायला लागते, अगदी सावकाश. आठवड्यांनी दाब जाणवतो. त्यात म्हातारचळ, पडझड, एक हात-पाय मंदावणं, बोलण्यात गोंधळ, कपड्यात लघवी होणं असं काहीही दिसतं आणि घरचे ते वयावर ढकलतात. घरातलं म्हातारं माणूस महिन्याभरात बदललंय असं वाटलं तर एकच आठवा: मागच्या दोन-तीन महिन्यांत कधी पडलं होतं का? त्यांनाच विचारू नका, त्यांना आठवत नाही किंवा ते लपवतात. पडलं असेल तर सीटी.

आबांच्या कवटीला छोटं भोक पाडून जुनं, काळं पडलेलं रक्त काढलं. चौथ्या दिवशी ते घरी आले. दारात बसून त्यांनी तीच चप्पल पायात सरकवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाले, "आता बसली बघ. दोनदा आवळल्यावर कुठं त्याला जमलं."